परसबागेतील समजुती : किती खऱ्या, किती खोट्या?

मृगाचा पहिला पाऊस पडला की गावोगावच्या परसात आणि शहरांतील गच्च्यांवर एकच लगबग सुरू होते. कोणी भोपळ्याच्या, दोडक्याच्या, कारल्याच्या बिया टोचतो. कोणी कुंड्यांतील माती बदलतो. कोणी तुळशीचे नवे रोप लावतो. या लगबगीबरोबर सल्लेही येतात. अमावास्येला बी टोचू नये, भर दुपारी पाणी घालू नये, कुंडीच्या तळाशी खडी घालावी, मुळाशी चुलीतली राख टाकावी, एक ना दोन! हे सल्ले बहुधा वडीलधाऱ्या माणसांनी आपुलकीने दिलेले असतात. ते पाळणाऱ्याला ते कोठून आले हे ठाऊक नसते आणि न पाळल्यास काय होते हे पाहण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

अशा समजुतींकडे पाहण्याच्या दोन सोप्या आणि दोन्ही चुकीच्या रीती आहेत. जुने ते सारे सोने, ही एक. आणि जुने ते सारे अडाणीपणाचे, ही दुसरी. समजूत जुनी आहे की नवी, हा प्रश्नच नव्हे. ती पडताळून पाहिली आहे काय आणि पाहिली असल्यास काय आढळले, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे. काही परिचित समजुती या कसोटीला लावून पाहणे उद्‌बोधक ठरेल.

मृग नक्षत्र आणि चंद्राच्या कला

वेलींच्या बिया मृगात टोचाव्यात, या रीतीत तथ्य आहे. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे होत. सूर्य दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृगात प्रवेश करतो आणि मोसमी पाऊसही महाराष्ट्रात बहुधा जूनच्या पूर्वार्धात दाखल होतो. छापील दिनदर्शिका नव्हत्या त्या काळी मृग नक्षत्र हीच शेतकऱ्याची दिनदर्शिका होती. मात्र बी रुजते ते ओल, ऊब आणि हवा यांच्यामुळे. नक्षत्र लागले पण पाऊस आला नाही, तर कोरड्या मातीत टोचलेले बी वाया जाण्याचाच संभव अधिक.

अमावास्या-पौर्णिमेची गोष्ट निराळी आहे. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, मग झाडातील रस का चढू नये, असा युक्तिवाद केला जातो. परंतु भरती येते ती पृथ्वीच्या अवाढव्य विस्तारामुळे. तिच्या चंद्राकडील आणि पलीकडील बाजूंवरील ओढीत फरक पडतो म्हणून. हातभर उंचीच्या रोपाच्या शेंड्यावरील आणि मुळावरील ओढीत असा फरक जवळजवळ नसतोच. पौर्णिमेचे चांदणेही सूर्यप्रकाशाहून सुमारे चार लक्ष पटींनी मंद असते. स्पेनमधील संशोधकांनी या विषयावरील वाङ्मयाचा आढावा घेऊन २०२० साली तो प्रसिद्ध केला. चंद्रकलांनुसार लागवड करण्यास विश्वसनीय आधार सापडत नाही, असाच त्याचा निष्कर्ष आहे.

दुपारचे पाणी

भर दुपारी पानांवर पाणी पडले तर थेंब भिंगासारखे काम करतात आणि पाने करपतात, असे सर्रास सांगितले जाते. हंगेरीतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष तपासले आणि २०१० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानांवर काचेचे बारीक मणी ठेवले असता उन्हात पाने भाजली. पाण्याच्या थेंबांनी मात्र ती भाजली नाहीत. थेंब पानावर पसरट बसतो, त्याचा प्रकाश एकवटण्याचा बिंदू पानाच्या बराच खाली जातो आणि पाणी पानाला थंडही ठेवते. अपवाद आढळला तो लवदार पानांचा. काही पाणनेच्यांच्या पानांवरील ताठ लव थेंबाला पानापासून उचलून धरते. तेथे असे भाजणे शक्य असते.

तरीही सकाळी पाणी घालण्याची रीत चांगलीच आहे. दुपारी बरेच पाणी वाफ होऊन जाते. उलट रात्रभर पाने ओली राहिल्यास बुरशीला वाव मिळतो. म्हणजे रीत योग्य, पण तिचे सांगितले जाणारे कारण चुकीचे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. वैशाखात दुपारी रोप माना टाकत असताना, पाने करपतील या भीतीने त्याला संध्याकाळपर्यंत तहानलेले ठेवणे हे चुकीच्या कारणावरच्या विश्वासाचे फळ होय. अशा वेळी मुळाशी पाणी अवश्य घालावे. फक्त उन्हात तापलेल्या नळीतील पहिले कढत पाणी बाजूला सोडून द्यावे.

कुंडीच्या तळाची खडी

कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर दिला की पाण्याचा निचरा चांगला होतो, ही समजूत तर पुस्तकांतूनही आढळते. वस्तुस्थिती उलट आहे. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. माती पुरती चिंब झाल्यावरच ते खाली झिरपू लागते. परिणामी ओलीचिंब माती तळाऐवजी खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ राहते.

याचा पडताळा भांडी घासण्याच्या आयताकृती स्पंजाने घेता येतो. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज उभा धरावा. पाणी पुन्हा ठिबकू लागते. स्तंभ जितका उंच, तितका निचरा अधिक. खडीचा थर मातीच्या स्तंभाची उंची कमी करतो, म्हणजे उभा स्पंज आडवा करतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. निचरा सुधारायचा असेल तर मातीतच पुरेसे कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे आणि कुंडीचे भोक मोकळे ठेवावे.

राख : कोकणात तारक, देशावर मारक

काही समजुती एका ठिकाणी खऱ्या आणि दुसऱ्या ठिकाणी खोट्या असतात. चुलीतील राख हे त्याचे उत्तम उदाहरण. लाकडाच्या राखेत पालाश आणि चुना असतो. नत्र मात्र जळताना उडून गेलेले असते. राख स्वभावाने अल्कधर्मी आहे. कोकणातील जांभ्या दगडाची माती मुसळधार पावसाने धुऊन निघाल्यामुळे आम्लधर्मी बनते. तेथे बेताने टाकलेली राख आम्लता कमी करते आणि पालाशही पुरवते. कोकणातील आजीबाईचा सल्ला म्हणूनच अनुभवाचा आहे.

तोच सल्ला घेऊन तिची नात सोलापूर किंवा परभणीकडे नांदायला गेली, तर घोटाळा होतो. तेथील काळी माती बहुधा मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. तिच्यात राखेची भर पडली की लोहासारखी द्रव्ये मातीत असूनही मुळांना घेता येत नाहीत. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाड अशक्त झाले असे समजून आणखी राख टाकली जाते आणि दुखणे वाढते.

अंड्याच्या टरफलांचेही असेच आहे. ती म्हणजे जवळजवळ सारा चुनाच. चुनखडीच्या मातीत त्यांची गरज नसते, आणि तेथे ती विरघळतातही फार सावकाश. टोमॅटोचा बुडखा काळा पडून सडू लागला की टरफले घालण्यास सांगितले जाते. परंतु हा दोष बहुधा मातीत चुना कमी असल्याने नव्हे, तर पाणी कधी फार, कधी मुळीच नाही असे दिल्याने उद्‌भवतो. कारण चुन्यातील कॅल्शियम फळापर्यंत वाहून नेते ते पाणीच. नियमित पाणी हाच त्यावरचा पहिला उपाय. माती कशी आहे हे निश्चित कळण्यासाठी ओंजळभर मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

कडुनिंब आणि झेंडू

ज्यांचे शहाणपण प्रयोगाने सिद्ध झाले, अशाही समजुती आहेत. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल फार जुनी. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता, इतर झाडे फस्त करणाऱ्या टोळांनी कडुनिंब तेवढा वगळल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटेरर यांनी पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर फवारल्यास टोळ ते खात नाहीत, हे १९६२ साली दाखवून दिले. यामागील प्रमुख द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ साली वेगळे करण्यात आले. हे द्रव्य पाल्यापेक्षा निंबोळीच्या गरात अधिक असते. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण मिसळावा आणि फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हाने हे द्रव्य लवकर निकामी होते.

भाजीच्या वाफ्याभोवती झेंडू लावण्याच्या रीतीलाही आधार आहे. झेंडूच्या मुळांतील सूत्रकृमिनाशक द्रव्याचा शोध नेदरलँड्समधील संशोधकांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस केली, ती निराळ्या कारणासाठी. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांकडे अधिक ओढला जातो आणि अंडी तेथे घालतो. मात्र कोपऱ्यातील दोन झेंडूंनी साऱ्या बागेतील सूत्रकृमी नाहीसे होतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

रात्रीचा प्राणवायू

तुळस रात्रंदिवस प्राणवायू देते, असे आता शास्त्राच्या नावाने सांगितले जाते. वनस्पती प्राणवायू सोडतात तो प्रकाशातच, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ सालीच दाखवून दिले होते. कोरफडीसारख्या काही वनस्पती रात्री कर्बवायू शोषून साठवतात, हे खरे. पण त्याही प्राणवायू सोडतात तो दिवसा. रात्री झाडे आपल्यासारखाच श्वास घेतात. परंतु तो इतका अल्प असतो की खोलीतील कुंडीमुळे कोणी गुदमरेल ही भीतीही निराधार आहे. घरातील कुंड्या हवा शुद्ध करतात, या दाव्याची अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली छाननी केली. खिडकी उघडल्याने जे साधते ते कुंड्यांनी साधण्यासाठी जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले. तुळशीवरील श्रद्धेला या उसन्या आधाराची गरज नाही.

माणसाला दुखावणारी समजूत

आतापर्यंतच्या समजुती चुकल्या तर एखादे रोप जाते. एका समजुतीने मात्र माणूस दुखावतो. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीचा हात किंवा सावली पडली की तुळस जळते, वेल सुकतो, असे अनेक घरांत मानले जाते. जी मुलगी रोज शाळेतून आल्यावर झारी घेऊन झाडांना पाणी घालते, तिलाच महिन्यातून चार दिवस त्यांच्यापासून दूर उभे केले जाते. झाडाविषयी काही कळण्याआधी ती स्वतःविषयी काही चुकीचे शिकते.

ही समजूत केवळ आपल्याकडची नाही आणि केवळ अशिक्षितांचीही नाही. घटसर्पाच्या चाचणीसाठी जगभर नाव झालेले व्हिएन्नातील वैद्य बेला शिक यांनी १९२० साली, पाळी सुरू असलेल्या मोलकरणीच्या हातातील फुले लवकर सुकल्यावरून, स्त्रीच्या शरीरात त्या काळी एक विष असते असे प्रतिपादन केले. त्या विषाला नावही मिळाले. पण ते कधीही वेगळे करून दाखवता आले नाही आणि ती कल्पना शास्त्राने टाकून दिली. खुडलेली फुले उष्म्याने सुकतात, पाण्यातील जंतूंनी देठ तुंबल्यामुळे सुकतात आणि कोणी हात न लावताही सुकतात. थोर वैद्यालाही चकवा बसू शकतो तो असा.

याहून मोठा पुरावा डोळ्यांसमोर आहे. भाताची लावणी, भाजीची खुरपणी, कापसाची वेचणी महाराष्ट्रात मुख्यतः स्त्रियाच करतात. कोणत्याही दिवशी शेतात राबणाऱ्या बायकांमध्ये पाळी सुरू असलेल्या काही जणी असतातच. त्यांच्या हाताने पिके जळत असती, तर शिवारात हिरवे पान उरले नसते.

कुंडीलाच विचारावे

समजूत पडताळण्याची पद्धत अवघड नाही. तिचा शास्त्रशुद्ध पाया रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात घातला. तेथे ते १९१९ साली रुजू झाले होते. सारख्या आकाराच्या दहा कुंड्या, एकाच ढिगातील माती आणि एकाच पुडीतील मेथी किंवा मुळ्याचे बी घ्यावे. चिठ्ठ्या टाकून पाच कुंड्या निवडाव्यात आणि त्यांनाच उपाय करावा. उरलेल्या पाच तशाच ठेवाव्यात. ऊन आणि पाणी सर्वांना सारखे द्यावे. महिन्याने उंची आणि वजन मोजावे, आणि मोजणाऱ्याला कोणती कुंडी कोणती हे सांगू नये. फरक दिसला तर प्रयोग पुन्हा करावा. एकाच कुंडीवरून काढलेला निष्कर्ष शिक यांच्या फुलांच्या गुच्छाइतकाच फसवा ठरतो.

शाळांच्या परसबागांतून असा प्रयोग सहज करता येईल. राखेची, चहाच्या चोथ्याची, ताकाची परीक्षा मुलांना आपल्या हातांनी घेता येईल. आणि या दहा कुंड्यांना पाणी घालण्याची पाळी वर्गातील मुलामुलींना क्रमाने, महिन्याचे तीसही दिवस द्यावी. रोपे वाढतील ती सर्वांच्याच हातच्या पाण्यावर, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.