विजेचा डाय ग्राइंडर : निवड आणि वापर

फैजपूर म्हटले की 1936 साली तेथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिलेच. केळीच्या बागांच्या या मुलखात नांगर, पंप व ट्रॅक्टर यांची दुरुस्ती सतत चालते. जेथे कानस शिरत नाही अशा खोबणीत किंवा भोकात धातू घासावयाचा झाला, की कारागीर विजेचा डाय ग्राइंडर हाती घेतो.

हे यंत्र बळाने नव्हे, वेगाने काम करते. मिनिटास 25,000 फेरे घेताना 6 मिलिमीटर व्यासाच्या दगडाची कड सेकंदास सुमारे 8 मीटर धावते. 25 मिलिमीटर व्यासाची सुमारे 33 मीटर. म्हणून दगडाच्या वेष्टनावरील वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. नाहीतर दगड फुटून त्याचे तुकडे उडतात.

खरेदी करताना वेग कमीजास्त करण्याची सोय पाहावी. पोलादास बारीक दातांचा कार्बाइडचा बर चालतो. अॅल्युमिनियमास मोठ्या, विरळ दातांचा हवा, अन्यथा दात भरून जातात. बराची दांडी कॉलेटमध्ये खोलवर बसवावी. फार बाहेर राहिल्यास ती वाकते.

यंत्र दोन्ही हातांनी धरावे व हलकेच टेकवावे. बर बदलण्यापूर्वी प्लग काढावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच. बिघडलेला पंप पुन्हा पाणी देऊ लागतो. गेलेला डोळा मात्र परत येत नाही.