सोसलेला जाच

सासुरवास सोसलेली सून सासू झाली म्हणजे मवाळ होतेच असे नाही, हे घरोघर ठाऊक आहे. जालन्याच्या रोलिंग मिलांतही आम्हांला तेच दिसते. लहानपणी मार खाल्लेला एखादा कामगार आवाज चढताच मान खाली घालतो. दुसरा मुकादम होताच जुना अपमान हाताखालच्यांवर काढतो. समजूत दोघांची एकच : वरच्याने दटावावे, खालच्याने सोसावे. १९४८ पर्यंत निजामी अमलात असलेल्या या मुलखाने वेठबिगार पाहिली. १९५० च्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने ती निषिद्ध ठरली; पण मनातला धाक बापाकडून मुलाकडे येतच राहिला. म्हणून तक्रार एकट्याने नेऊ नये, चौघांनी मिळून न्यावी. आणि मुकादमालाही शांतपणे विचारावे, 'तुम्हांला तेव्हा कसे वाटले होते?'