उसाच्या जिवाणूंना समुद्री शेवाळाचे घर

पुण्याहून महामार्गाने कराड ओलांडले की मलकापूर लागते. चोवीस तास पाणीपुरवठ्यामुळे नाव झालेल्या या शहराभोवती कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर पोसलेला ऊस पसरला आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे. तरीही समुद्री शेवाळ या परिसराला अपरिचित नाही. त्याच्या अर्काचे डबे कृषी सेवा केंद्रांत मिळतात. शेवाळाचा दुसरा उपयोग मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. जमिनीला हितकारक असणाऱ्या जिवाणूंना त्यापासून घर मिळते.

असे घर लागते कशाला? उसाच्या आत राहून हवेतील नत्र स्थिर करणारा अ‍ॅसिटोबॅक्टर हा जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उजेडात आला. महाराष्ट्रात लागवडीपूर्वी बेणे त्याच्या द्रावणात अर्धा तास बुडविण्याची शिफारस आहे. भुकटीच्या स्वरूपातील जिवाणू खतात दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा नियम आहे. पण पाकीट उन्हात राहिले, गोदाम तापले की ही संख्या झपाट्याने घटते. जे उरतात त्यांना मातीतील आदिजीव खाऊन टाकतात. शेतकरी पैसे मोजतो जिवाणूंचे आणि घरी नेतो लिग्नाइटची भुकटी, असेही घडू शकते.

तपकिरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट येथे कामी येते. सोडियम अल्जिनेटच्या पातळ द्रावणात जिवाणू मिसळायचे आणि ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचे. सोडियमची जागा कॅल्शियम घेते, अल्जिनेटच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि थेंबाचा साबुदाण्यासारखा मणी होतो. त्याच्या जाळीतून पाणी व अन्नद्रव्ये आत-बाहेर करतात. भक्षकांना शिरकाव नसतो. मातीत मणी हळूहळू विरतो आणि जिवाणू टप्प्याटप्प्याने मुळांपाशी पोचतात. योआव बाशान यांनी ही पद्धत १९८६ मध्ये मांडली. असे सुकविलेले मणी साध्या तापमानात १४ वर्षे ठेवल्यावरही त्यांत जिवंत जिवाणू सापडले, असे त्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. संख्या अर्थातच घटली होती.

शेवाळ आणि जिवाणू यांची ही गाठ तशी जुनी. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात जिलेटिन वितळे. तेव्हा फॅनी हेसे या गृहिणीने स्वयंपाकघरातील अगर सुचविले. १८८२ पासून जगभरचे जिवाणू त्यावरच वाढविले जात आहेत, आणि हे अगरही शेवाळाचेच.

सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही अशा मण्यांत बसविता येतात, म्हणजे ते प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत. मात्र सांडपाण्यातील फॉस्फेट मण्यातले कॅल्शियम ओढून घेते आणि मणी मऊ पडून फुटतो. जमिनीतही अशीच अडचण संभवते. अतिपाण्याने चोपण झालेल्या, कृष्णाकाठच्या सांगलीकडील जमिनींत सोडियमचे प्रमाण जास्त असते. तेथे मणी घडविणारी क्रिया उलट दिशेने होऊन तो लवकर विरघळण्याची शक्यता आहे. आणि जिवाणूंची गरज तर तेथेच सर्वाधिक. शिवाय अल्जिनेट लिग्नाइटपेक्षा कितीतरी महाग. त्यामुळे द्रवरूप जिवाणू खत हाच सध्या शेतकऱ्याला परवडणारा पर्याय आहे. मणी स्वस्त करण्यासाठी अल्जिनेटमध्ये स्टार्च किंवा चिकणमाती मिसळून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.