दक्षिण आफ्रिकेची वाट : आधी महिना, मग तिकीट

लेखमाला : खानदेशातून परदेशी (लेखांक ७)

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीचा बेत ठरवताना जळगाव-धुळे भागातील बहुतेक कुटुंबे आधी मुलांच्या सुट्ट्या पाहतात, मग सहल कंपन्यांचे दर पाहतात आणि तिथल्या ऋतूचा विचार शेवटी, बहुधा बॅग भरताना करतात. हा क्रम उलटा करावा, ही या देशाच्या प्रवासासंबंधीची पहिली आणि सर्वांत उपयोगी सूचना होय. देश दक्षिण गोलार्धात असल्याने जून ते ऑगस्ट हा तेथील हिवाळा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो, हे शाळेच्या भूगोलातून सर्वांना ठाऊक असते. परंतु देशाच्या निरनिराळ्या भागांत पाऊस निरनिराळ्या ऋतूंत पडतो, हे फारसे ठाऊक नसते. केप टाउन आणि त्याच्या भोवतालचा किनारी पट्टा हिवाळ्यात भिजतो, तर जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया ही शहरे ज्या उंच पठारावर वसली आहेत ते हायवेल्ड आणि ईशान्येकडील अभयारण्ये यांना पाऊस उन्हाळ्यात मिळतो. परिणामी संपूर्ण देशाला सारखाच चांगला असा एकही महिना नाही, आणि कोणता महिना निवडला यावर काय पाहायला मिळेल हे बरेचसे ठरून जाते.

पिंप्राळ्याचा रथ आषाढी एकादशीला निघतो आणि जळगाव शहरातील श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला. खानदेशी प्रवाशाने या दोन तिथी डोळ्यांसमोर ठेवल्या तर दक्षिण आफ्रिकेचे ऋतुमान त्याच्या सहज ध्यानात राहील. आषाढात, म्हणजे जूनअखेर ते जुलै या काळात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील गवत वाळलेले असते, झाडे बरीचशी निष्पर्ण होतात आणि पाणवठे मोजकेच उरल्याने प्राणी त्यांच्याभोवती गोळा होतात, त्यामुळे वन्यप्राणी पाहण्यासाठी हा काळ सर्वांत चांगला मानला जातो. डासही या दिवसांत कमी असल्याने हिवतापाचा धोका कमी असतो. मात्र उघड्या जीपमधून पहाटे निघणाऱ्या फेरीत थंडी बोचरी असते, आणि सुमारे १,७५० मीटर उंचीवरील जोहान्सबर्गमध्ये जुलैच्या रात्रीचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते. तेथील अनेक घरांत आणि लहान निवासांत खोल्या उबदार ठेवण्याची सोय नसते. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने केवळ सुती कपडे घेऊन गेलेल्या खानदेशी माणसाची तेथे चांगलीच तारांबळ उडते. जाड जाकीट, कानटोपी आणि हातमोजे हे सामान या दिवसांत अनिवार्य समजावे.

कार्तिकातले चित्र वेगळे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रिटोरियाच्या रस्त्यांवर जॅकरांडाची जांभळी फुले बहरलेली असतात, केपजवळील हर्मानस येथे किनाऱ्यावरून देवमासे दिसण्याचा हंगाम संपत आलेला असला तरी चालू असतो आणि केप टाउनची हवा सुखद होऊ लागते. परंतु याच काळात हायवेल्डवर दुपारनंतर गडगडाटासह पावसाच्या सरी सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी प्रवाशासाठी या संदर्भात एक जुना दाखला बोलका आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केप टाउनला उतरले आणि पुढील काही आठवडे त्यांनी तेथील भारतीयांच्या प्रश्नांसाठी देशभर दौरा केला. या दौऱ्यासाठी तेथील सरकारने त्यांना रेल्वेचा स्वतंत्र डबा दिला होता. जोहान्सबर्गजवळच्या, गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्मवर जाताना मात्र लॉली स्थानकापासूनचे सुमारे दीड मैलाचे अंतर पायी कापताना पावसाने त्यांना गाठले, ते भिजले आणि त्यांना थंडी बाधली. गोखल्यांना तेवढे चालवेल असे गृहीत धरणे ही चूक होती, असे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या आपल्या इतिहासात स्पष्ट नमूद केले आहे. सरकारी डब्यातून फिरणाऱ्या पाहुण्याची ही स्थिती होत असेल, तर सामान्य पर्यटकाने छत्री आणि पावसाळी कोट बरोबर ठेवणे शहाणपणाचे.

महिना ठरल्यावर मार्गाचा प्रश्न येतो, आणि येथे स्वस्त तिकिटाच्या मोहात एक महत्त्वाची बाब नजरेआड होते. मुंबईहून जोहान्सबर्गला जाणारे बहुतेक प्रवासी दुबई, दोहा, आदिस अबाबा किंवा नैरोबी येथे विमान बदलतात. यांपैकी शेवटची दोन शहरे इथिओपिया आणि केनिया या देशांत आहेत, आणि हे दोन्ही देश पीतज्वराचा, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणुजन्य तापाचा, धोका असलेल्या देशांच्या यादीत येतात. दक्षिण आफ्रिका स्वतः या यादीत नाही, त्यामुळे भारतातून आखाती देशांमार्गे तेथे जाऊन त्याच वाटेने परतणाऱ्यास पीतज्वराच्या लसीची गरज पडत नाही. परंतु धोक्याच्या देशात बारा तासांहून अधिक काळ थांबून आलेल्या प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिका लसीचे प्रमाणपत्र मागते. परतीच्या वेळी भारताचे नियम याहून कडक आहेत : धोक्याच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राविना आलेल्या प्रवाशाला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि विमानतळाबाहेर न पडता केवळ विमान बदलणाऱ्यास मिळणारी सूटही विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते. केनियातील मसाई मारा आणि दक्षिण आफ्रिका अशी जोडसहल घेणाऱ्यांना तर ही लस टाळताच येत नाही.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती शासनमान्य केंद्रांवरच, महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर अशा शहरांत, दिली जाते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षे असे. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मान्य झाले आहे. जळगावहून मुंबईपर्यंतचा रेल्वेचा साधारण सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास आणि केंद्रावर वेळ मिळण्यास लागणारे दिवस विचारात घेता हे काम निदान महिनाभर आधी उरकावे. साठी उलटलेल्या, गर्भवती किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींनी लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

हिवताप हा वेगळा विषय आहे आणि त्यावर एका टोचणीने काम भागत नाही. लिम्पोपो आणि एमपुमालांगा या प्रांतांचे सखल भाग, ज्यांत क्रूगर येते, आणि क्वाझुलू-नाताळचा ईशान्य कोपरा येथे सप्टेंबर ते मे या काळात हिवतापाचा धोका असतो. तेथील हिवतापावर क्लोरोक्विन हे जुने औषध निरुपयोगी ठरते, म्हणून डॉक्टरांकडून योग्य प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्याव्यात आणि त्या परतल्यानंतरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात. लहान मुले बरोबर असतील तर क्रूगरचा हट्ट न धरता पिलान्सबर्ग, माडिक्वे किंवा अ‍ॅडो या हिवतापमुक्त उद्यानांकडे वळणे अधिक बरे. जोहान्सबर्गहून मोटारीने अडीच तासांच्या आसपास पोहोचता येणारे पिलान्सबर्ग हा कुटुंबासाठी उत्तम पर्याय आहे, तरी सहल कंपन्यांच्या जाहिरातींत क्रूगरचेच नाव मोठे असते.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीस दिवस असावी आणि त्यात दोन कोरी पाने असावीत, अशी दक्षिण आफ्रिकेची अट आहे. साधा भारतीय पासपोर्ट असलेल्यांना व्हिसा आधी काढावा लागतो. जानेवारी २०२५ पासून मान्यताप्राप्त सहल कंपन्यांमार्फत जाणाऱ्या भारतीय गटांसाठी सुलभ योजनाही सुरू झाली आहे, मात्र व्हिसाचे नियम वारंवार बदलत असल्याने अर्जापूर्वी अधिकृत माहिती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची पूर्ण नावे असलेला जन्मदाखला लागतो. २०१५ मध्ये बालकांच्या अपहरणाला आळा घालण्यासाठी आणलेला हा नियम पुढे काही देशांच्या नागरिकांपुरता सैल झाला, पण व्हिसा लागणाऱ्यांनी तो दाखला जवळ ठेवावाच. गावागावांत जुन्या जन्मनोंदींमध्ये बाळाच्या नावाची जागा कोरी राहिलेली आढळते. ती नोंद पंधरा वर्षांच्या आत पूर्ण करता येते, आणि ग्रामपंचायतीकडून किंवा महापालिकेकडून इंग्रजीतील दाखला मागून घेता येतो. हे काम व्हिसाच्या अर्जाच्या आदल्या आठवड्यात होत नाही.

अंतरांचा अंदाज चुकणे ही पुढची अडचण. एकट्या क्रूगर उद्यानाचे क्षेत्र जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्राच्या जवळपास, म्हणजे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सातपुड्यातील यावल अभयारण्य पावणेदोनशे चौरस किलोमीटरांचे आहे हे लक्षात घेतल्यास एका दिवसात क्रूगर ‘पाहून होणे’ किती अशक्य आहे ते कळते. उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा असते, ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरण्यास मनाई असते आणि फाटकांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. जोहान्सबर्ग ते केप टाउन हे अंतर रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर असल्याने तेवढा टप्पा विमानानेच करावा.

जळगावच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थ, जे २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले, पाहिलेल्या वाचकाला गांधीजींच्या आफ्रिकेतील वर्षांची ओळख आधीच असते. त्याने सहलीत त्या जागांसाठी दोन दिवस राखून ठेवणे उचित ठरेल. जोहान्सबर्गमधील कॉन्स्टिट्यूशन हिल हा पूर्वीचा तुरुंग, जेथे गांधीजी आणि पुढे नेल्सन मंडेला दोघेही बंदिवान होते, २०२४ मध्ये मंडेलांच्या वारशाशी निगडित स्थळांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. दरबानपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर पीटरमॅरित्झबर्गचे ते स्थानक आहे जेथे ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवण्यात आले, आणि दरबानच्याच वायव्येला इनांडा भागात १९०४ मध्ये स्थापन झालेली फिनिक्स वसाहत आहे. ती १९८५ च्या दंगलीत जळाली होती व नंतर पुन्हा उभारली गेली. तेथे दिवसाउजेडी आणि स्थानिक मार्गदर्शकाबरोबरच जावे. केपमधील रॉबेन बेटाची बोट खवळलेल्या समुद्रामुळे रद्द होऊ शकते, म्हणून तिचे तिकीट मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचे काढू नये.

मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवणे भारतीयाला तुलनेने सोपे जाते, कारण वाहने डाव्या बाजूनेच चालतात. इंग्रजीतील परवाना तेथे चालतो, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेणे बरे. शिवाय भाड्याच्या गाडीसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाते. चौकातील दिव्यांना तेथे ‘रोबोट’ म्हणतात, आणि चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात जो आधी येईल तो आधी जाईल ही शिस्त काटेकोर पाळली जाते. आपल्याकडच्या सवयीने त्यात घुसणे धोक्याचे. शहराबाहेर रात्री गाडी चालवू नये.

विजेच्या बाबतीत खानदेशी प्रवाशाला एक सोय अनपेक्षितपणे लाभते. दक्षिण आफ्रिकेत २३० व्होल्टचा पुरवठा आणि तीन जाड गोल पिनांचे सॉकेट वापरतात, जे आपल्याकडील एसी किंवा गीझरच्या १५-१६ अँपियरच्या पॉवर सॉकेटसारखेच असते. त्यामुळे विमानतळावरचा महागडा ‘जागतिक’ अ‍ॅडॅप्टर घेण्यापेक्षा मोठ्या सॉकेटमध्ये बसून लहान पिना घेणारा कन्व्हर्टर जळगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून न्यावा. भारनियमन तेथेही लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. २०२३ मध्ये ते अतिशय तीव्र होते आणि मार्च २०२४ नंतर बरेच ओसरले, तरी लहान टॉर्च जवळ असावी.

रावेर-यावलची केळी कितीही उत्तम असली तरी ताजी फळे, बियाणे आणि दुग्धजन्य पदार्थ परवान्याविना नेता येत नाहीत. शेव किंवा चिवडा बंद पाकिटात न्यावा. तेथे ‘पाप’ म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड सर्वत्र मिळते, आणि दरबानमध्ये पावाचा गाभा पोखरून त्यात रस्सा भरलेला ‘बनी चाऊ’ घेवड्याच्या दाण्यांचा मागितल्यास शाकाहारी माणसाचे पोट व्यवस्थित भरते. चलन रँड आहे. शेजारच्या लेसोथोला गेल्यास तेथे रँड चालतो, पण तेथील नोटा दक्षिण आफ्रिकेत सहसा स्वीकारत नाहीत, म्हणून सीमा ओलांडण्यापूर्वी त्या खर्च कराव्यात.

मोठ्या शहरांतील गुन्हेगारी हा बाऊ नव्हे, वस्तुस्थिती आहे. रोबोटवर थांबलेल्या गाडीची काच फोडून आसनावरची बॅग उचलणे हा सर्वपरिचित प्रकार असल्याने बॅगा डिकीत ठेवाव्यात, मोबाइल हातात घेऊन रस्त्यावर चालू नये, अंधार पडल्यावर जोहान्सबर्गच्या मध्यवर्ती भागात पायी फिरू नये आणि विमानतळावरून सँडटनपर्यंत गाउट्रेन या जलद रेल्वेने जावे. खासगी रुग्णालयांचा खर्च मोठा असल्याने वैद्यकीय विमा नसताना निघूच नये. पोलिसांसाठी १०१११, रुग्णवाहिकेसाठी १०१७७ आणि मोबाइलवरून कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक, तसेच प्रिटोरियातील भारतीय उच्चायुक्तालय आणि जोहान्सबर्ग, दरबान व केप टाउन येथील भारतीय वाणिज्य दूतावासांचे पत्ते मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीसह घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीने स्वतंत्र बाळगावेत.