पांदण धरून मुक्कामाला

नांदेड जिल्ह्यात भोकर फाट्याच्या अलीकडे-पलीकडे हमरस्ता सोडून आत वळा, केळीच्या बागांमधून जाणारी पांदण लागते. एका अंगाला ठिबकच्या नळ्या, दुसऱ्या अंगाला हळदीचा फड, मधे दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध गवत माजलेला उंचवटा. ऑफ-रोडिंग म्हणून मोबाइलवर लडाखचे नाले आणि राजस्थानची वाळू दिसते. ते सगळं शिकायची पहिली जागा ही पांदण आहे, असं माझं ठाम मत आहे. लडाखला पोहोचून पहिल्यांदाच फोर बाय फोरचा दांडा हलवणाऱ्या कुटुंबापेक्षा आपल्याच शिवारात चार रविवार घालवलेलं कुटुंब अधिक सुखरूप आणि अधिक आनंदात परत येतं.

मुक्कामाची सवय तर आपल्याकडे जुनीच. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला गेलेली माणसं रात्र माळ्यावर काढतात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, उंट, गाढवं, लालकंधारी बैल आणि त्यांच्या मालकांची बिऱ्हाडं उघड्या माळावर उतरतात. दुसऱ्याच दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या लातूरला लागून असलेल्या गावांत त्या दिवशी घरांना कुलपं लागतात. रानात कडब्याची कोप उभी राहते, पांडव मांडले जातात, आणि पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली गार आंबील. आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळं घर दिवसभर रानात असतं. ज्या घराला हा एक दिवस जमतो, त्याला पुढची एक रात्र जमवायला तंबू सोडला तर फारसं नवं काही घ्यावं लागत नाही.

म्हणून पहिला मुक्काम येळवशीच्या आसपास, आपल्या नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांच्या आखाड्यावर करावा. विहिरीला पाणी असतं, सालगडी ओळखीचा असतो, आणि लेकराला रात्री ताप भरलाच तर घर हाकेच्या अंतरावर असतं. पहिल्या रात्री काय काय राहून गेलं ते कळतं. बहुतेक घरांत डोक्याला लावायची बॅटरी, जास्तीचं एक पांघरूण आणि सकाळच्या चहाची साखर राहून जाते. डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि जमिनीची थंडी अंगाला खालून लागते. वर दोन रजया घेण्यापेक्षा खाली एक जाड सतरंजी किंवा फोमची चटई घातलेली बरी.

आता माती, कारण या भागात सगळा खेळ मातीचाच आहे. दख्खनचा बेसाल्ट झिजून आपली काळी रेगूर झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. हीच माती ओली झाली की टायरच्या नक्षीत गच्च भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि चारही चाकांना ताकद मिळत असली तरी गाडी जागच्या जागी फिरते. परदेशी व्हिडिओंत वाळू आणि खडकावरचे धडे मिळतात. काळ्या रानाचं ज्ञान मात्र आपल्या ट्रॅक्टरवाल्यांकडे आहे, आणि त्यांना विचारण्यात कमीपणा कसला?

जून ते सप्टेंबर पांदणीत गाडी घालूच नये. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, रान वाळायला लागतं आणि दिवाळीनंतर खरा हंगाम सुरू होतो. तरीही अर्धापूरच्या पट्ट्यात एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. इसापूर धरणाच्या कॅनॉलला पाणीपाळी सुटली की ऐन जानेवारीतही पांदणीत चिखल होतो. त्यात केळीच्या गाड्यांनी चाकोऱ्या आणखी खोल केलेल्या असतात. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली लोणी असतं. शंका आली की उतरावं, टाच रोवून पाहावी, मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा झाला आणि हात झटकूनही चिकटून राहिला, तर गाडी मागे घ्यावी. मी माझ्या मुलीला ही परीक्षा शिकवली तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता गाडी थांबायच्या आत ती खाली उतरते, वाकून माती दाबते आणि हात वर करून नाही म्हणते. तिचं ‘नाही’ आमच्या घरात शेवटचं असतं.

गाडी कोणती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी तो मुद्दाम नंतर घेतला. कोरड्या पांदणीला आणि मुरमाड माळाला बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी उंच गाडी पुष्कळ झाली. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी फोर बाय फोर नसताना कितीतरी वर्षं वाड्या-तांड्यांची माणसं वाहिली आहेत. नवी घ्यायचीच असेल तर माणसं मोजून घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली तीन दारांची थार आणि २०२३ मध्ये आलेली जिम्नी, दोन्ही चार माणसांच्या गाड्या आहेत. आजी-आजोबा धरून सहा जणांच्या घराला त्या पुरत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये पाच जण बसतात. जिम्नी सरसकट फोर बाय फोर येते. थारमध्ये मात्र २०२३ पासून फक्त मागच्या चाकांची आवृत्तीही आहे, तेव्हा जुनी थार घेताना गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते आधी बघावं. त्या दांड्यावरच्या ‘फोर हाय’ला कोरड्या डांबरावर हात लावू नये. पुढची-मागची चाकं एकाच गतीला बांधली जातात, वळणावर त्यांना कमी-जास्त फिरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण आतल्या दातऱ्यांवर येतो. ‘फोर लो’ म्हणजे संथ चाल आणि जास्त जोर. तीव्र उतारावर पहिला गिअर टाकून क्लचवरचा पाय काढून घ्यायचा आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्यायची.

आणि टायरची हवा! नवशिक्याच्या हातातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी हत्यार हेच. डांबरावर हवा साधारण ३२-३३ पीएसआय असते. भुसभुशीत रानात ती २०-२२ वर आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त जागेवर टेकतो आणि गाडी रुतण्याऐवजी वर तरंगते. त्यासाठी हवा मोजायचं छोटं मीटर आणि गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा पंप एवढंच सामान लागतं. १८ च्या खाली मात्र जाऊ नये, टायर रिमवरून सुटायची भीती असते. हवा कमी केल्यावर वेगही कमीच ठेवायचा. चाकोरी फार खोल असेल तर मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो आणि चाकं अधांतरी राहतात. अशा वेळी एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवून जावं, पुढे कोणीतरी पायी चालत खुणा कराव्यात. स्टीअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नयेत. दगडाला चाक लागून हिसका बसला तर अंगठा मुरगळतो. पट्टे पांदणीतही लावायचे, मागे बसलेल्या मुलांनीसुद्धा.

ओढ्याच्या पाण्याबद्दल मी कठोर आहे. वाहतं पाणी फूटभर खोल असलं तरी लहान गाडी उचलली जाते. दोन फुटांना मोठ्या गाड्याही वाहून जातात. आधी पायी उतरून काठीने तळ पाहिल्याशिवाय गाडी घालू नये, आणि लेकरं गाडीत असताना गढूळ वाहत्या पाण्यात कधीच घालू नये. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात शिरलं की पिस्टनचे दांडे वाकतात. मग ती गाडी टोचनानेच घरी येते.

गाडी फसतेच कधीतरी. फसली की आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, कारण चाक जेवढं फिरेल तेवढी ती खाली जाते. फावड्याने चाकांपुढची माती काढा, खाली तुराट्या, दगड, जुनं पोतं घाला. तरी निघाली नाही तर ट्रॅक्टर येतो आणि नेमका इथेच अपघात होतो. लोखंडी साखळी ढिली ठेवून झटका दिला की कडी तुटते आणि गोळीसारखी उडते. गाडीला ओढण्यासाठी दिलेल्या हुकातच दोर घालावा, तो आधी ताठ होऊ द्यावा, वर ओलं पोतं टाकावं, बायकापोरांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करावं आणि ट्रॅक्टरवाल्या दादांना सांगावं, “झटका नगा देऊ, हळू वढा.” ते ऐकतात.

तंबूची जागा नाल्याच्या पात्रात, वाळलेल्या फांदीखाली किंवा बाभळीच्या बुडाशी नको. जरा उंचवटा, मुरूम, आणि वाऱ्याकडे पाठ. आपल्या रानात नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार चारही आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून चावल्याचं लवकर कळतही नाही. चेन लावून पूर्ण बंद होणारा तंबू एवढ्यासाठीच घ्यायचा. रात्री उठलं की बॅटरी हवीच, सकाळी बूट झटकूनच घालायचे. दंश झालाच तर कापाकापी नको, दोरी आवळून बांधणं नको. तो अवयव न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मुक्कामापासून सगळ्यांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, हे दिवसाउजेडीच विचारून ठेवावं.

आता परवानगीचं. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत तंबू ठोकून राहता येतं. आपल्याकडे तसं नाही. इथे माळ गायरान असतो, रान कोणाचं तरी असतं आणि कॅनॉलकडचा रस्ता पाटबंधारे खात्याचा असतो. मात्र विचारलं तर मराठवाड्यातला शेतकरी सहसा नाही म्हणत नाही. “लावा नं गाडी, पर हरभऱ्यात घालू नका बरं,” एवढंच सांगतो, आणि तासाभराने स्वतःच हुरडा घेऊन येतो. कुठेही चूल पेटवायची तर त्याला विचारून, कडब्याच्या गंजीपासून लांब. फेब्रुवारीच्या मध्यापासून जंगलाकडे वणव्याचे दिवस सुरू होतात. तेव्हा गॅसची छोटी शेगडीच बरी.

दुसऱ्या हंगामात लांब जावं. अर्धापूरहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत सहस्रकुंड गाठता येतं. तिथे पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. वर इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की डोक्यावर निरभ्र आभाळ असतानाही नदी चढते. त्या खडकावर उतरून फोटो काढण्याचा मोह आवरलाच पाहिजे. पुढे किनवट, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि माहूर. हा सगळा सागाचा मुलूख आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. आणि जंगल रिकामं नाही. यवतमाळच्या टिपेश्वरहून २०१९ मध्ये निघालेला रेडिओ कॉलरवाला तरुण वाघ हिंगोली जिल्ह्यातूनही वाट काढत सुमारे १,३०० किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्या शेतांमधून तो गेला, तिथल्या कित्येकांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

लातूरच्या बाजूला चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. गाडी खाली ठेवून पायीच चढावं. कंधारचा किल्ला दिवसा पाहावा आणि मुक्काम लिंबोटीकडच्या ओळखीच्या रानात करावा.

परतताना हमरस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा ३२ वर न्या. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. घरी आल्यावर गाडीचं पोट त्याच दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्या, काळी माती एकदा ब्रेकच्या ड्रममध्ये वाळली की खरवडून काढावी लागते. टायर हाताने चाचपून बाभळीचे काटे शोधा. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला काटा घरी उपटू नका, तोच भोक बुजवून बसलेला असतो. तसाच पंक्चरवाल्याकडे न्या.