मत वाया जातं का? अमेरिकेतल्या तिसऱ्या उमेदवाराची गोष्ट



मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचतीचे पैसे गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि विषय निघाला निवडणुकीचा. गटातली एक ताई सरपंचपदाला उभी होती. समोर दोन मोठी पॅनेलं, आणि तिसरी ही एकटी. वस्तीवरच्या पाण्याचा एकच प्रश्न घेऊन ती उभी राहिली आणि पडली. पडल्याचं तिला एवढं दुःख नव्हतं. पण तेव्हापासून निम्मं गाव म्हणतंय, "हिनं मतं खाल्ली, म्हणून आमचा माणूस पडला." ज्या बायांनी तिला मत दिलं, त्यांना घरात ऐकावं लागतंय, "मत वाया घालवलंस." ती ताई दोन बैठकांना आलेलीच नव्हती.

एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. खरंच वाया जातं का हो मत?"

तिथल्या तिथं आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज जिथं हाच वाद तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे, तिथली गोष्ट सांगतो. गोष्ट अमेरिकेची आहे. पण त्यात शिलाई करणाऱ्या बाया आहेत, मका पिकवणारे शेतकरी आहेत, आणि शेवटी आपला कापूसही आहे.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ

पहिली गोष्ट आयात शुल्काची. पूर्वी गावाच्या नाक्यावर जकात घेत, तशी देशाच्या सीमेवर घेतात ती जकात म्हणजे आयात शुल्क. बाहेरच्या मालावर शुल्क लावलं की तो महाग होतो आणि देशातल्या मालाला आधार मिळतो. शुल्क काढलं की बाहेरचा माल स्वस्त येतो. घेणाऱ्याला बरं वाटतं, पण तोच माल इथं बनवणाऱ्याच्या पोटावर येतं. दोन-तीन देश मिळून "आपण एकमेकांच्या मालावर शुल्क घ्यायचं नाही" असं ठरवतात, तो मुक्त व्यापार करार.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या निवडणुकीची. तिथं राष्ट्राध्यक्षाची निवड राज्यवार होते. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात, सगळी मिळून ५३८. ज्याला २७० मिळतील तो राष्ट्राध्यक्ष. पन्नासपैकी ४८ राज्यांत नियम असा, की ज्याला तिथं सर्वांत जास्त मतं पडली, त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी निर्वाचक मतं. दुसऱ्याला शून्य, तिसऱ्यालाही शून्य.

आपल्या वॉर्डाचं उदाहरण घ्या. तीनशे मतं पडली. एकाला १२०, दुसऱ्याला ११०, तिसऱ्याला ७०. निवडून आला १२० वाला. म्हणजे १८० जणांना तो नको होता, तरी तोच आला. अशा मोजणीत लोक तिसऱ्याला मत द्यायला कचरतात. म्हणूनच तिथं डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोनच मोठे पक्ष वर्षानुवर्षं टिकून आहेत.

आता प्रश्न असा, की एखाद्या मोठ्या विषयावर दोन्ही पक्षांचं म्हणणं एकच असेल, तर ज्याला ते पटत नाही त्यानं मत द्यायचं कुणाला?

शिलाईच्या कारखान्यातल्या बाया

टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचं शहर आहे. तिथं जीन्स बनवणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीचा मोठा कारखाना होता. जानेवारी १९९० मध्ये तो बंद करून काम कोस्टा रिका या देशात नेलं, कारण तिथं मजुरी कमी. हजाराच्या वर लोकांचं काम गेलं. त्यात बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बाया होत्या. कित्येकींची वर्षानुवर्षं मशीनवर गेलेली. त्या घरी बसल्या नाहीत. त्यांनी संघटना काढली, नाव ठेवलं "फुएर्सा उनिदा". म्हणजे एकजुटीची ताकद. कारखाना परत सुरू झाला नाही, पण संघटना टिकली.

असं पुष्कळ गावांत चाललं होतं. आणि त्याच वेळी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात मोठ्या मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू होती. त्या कराराचं नाव नाफ्टा.

तिसरा माणूस उभा राहतो

१९९२ ची निवडणूक आली. रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि पुन्हा उभे होते. करार त्यांच्याच सरकारनं ठरवला होता. डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन म्हणाले, करार चांगला आहे, फक्त कामगारांसाठी आणि पर्यावरणासाठी त्याला जोड करार हवेत. म्हणजे करार हवा, यावर दोघांचं एकमत.

तिसरे उभे राहिले रॉस पेरो. टेक्सासचे उद्योगपती, पक्ष नाही, खर्च स्वतःच्या खिशातून. टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन ते तक्ते दाखवत लोकांना हिशेब समजावत. त्यांचे मुख्य मुद्दे दोन. एक, सरकार उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करतंय, कर्ज वाढतंय. दुसरा, मेक्सिकोत मजुरी इतकी कमी आहे की करार झाला तर आपले कारखाने तिकडे ओढले जातील.

मध्येच जुलैत त्यांनी माघार घेतली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उतरले. त्यामुळं त्यांच्यावरचा बऱ्याच जणांचा भरवसा उडाला. तरीही निकालात क्लिंटन यांना ४३ टक्के, बुश यांना ३७ टक्के आणि पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली. म्हणजे दोन कोटींच्या आसपास. आणि निर्वाचक मतं किती? शून्य. कारण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत.

लगेच ओरड झाली, की पेरोंनी बुश यांची मतं खाल्ली. पण मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा पेरोंच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन यांच्यात साधारण सारखीच वाटलेली निघाली. तिसऱ्याला पडलेलं मत "आपलंच होतं" असं पडलेला उमेदवार नेहमी धरून चालतो. मत आधी मतदाराचं असतं, हे तो विसरतो.

मग त्या मतांचं काय झालं?

इथं नीट लक्ष द्या. पेरोंचे मुद्दे दोन होते आणि दोघांचं नशीब वेगळं निघालं.

पहिला मुद्दा सरकारी तुटीचा. एवढे मतदार नाराज आहेत हे दिसल्यावर त्यांना आपल्याकडे ओढायला दोन्ही मोठे पक्ष धावले. क्लिंटन यांनी १९९३ मध्येच तूट कमी करण्याचं काम हाती घेतलं आणि १९९८ मध्ये सरकारी हिशेबात शिल्लक दिसली. पडलेल्या उमेदवाराचा मुद्दा निवडून आलेल्यांनी उचलला.

दुसरा मुद्दा व्यापाराचा. तो कुणी उचलला नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये करार कनिष्ठ सभागृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाला. क्लिंटन यांच्या स्वतःच्या पक्षातले बहुसंख्य सदस्य विरोधात गेले, तो तरला रिपब्लिकन मतांवर. १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला. जोड करार झाले, काम गेलेल्यांसाठी प्रशिक्षणाची योजनाही आली. पण पन्नाशीच्या शिलाई कामगार बाईला प्रशिक्षण देऊन तिच्याच गावात दुसरं काम कुठून आणायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

कराराचा फायदा झालाच नाही, असं आम्ही म्हणत नाही. तिन्ही देशांतला व्यापार खूप वाढला, बऱ्याच वस्तू स्वस्त झाल्या. पण फायदा सगळ्यांना चिमूटभर मिळाला आणि तोटा मोजक्या गावांना झाला तो भरपूर. ज्याला दहा रुपये वाचले त्याला ते जाणवतही नाहीत. जिची मशीन बंद पडली तिचं घरच बसतं.

आणि हे एकाच देशात झालं नाही. अमेरिकेत मका पिकवणाऱ्याला सरकारी अनुदान मिळतं. तो स्वस्त मका मेक्सिकोत गेला आणि तिथल्या लहान कोरडवाहू शेतकऱ्याच्या मक्याचा भाव पडला. कित्येकांनी शेती सोडली. करार लागू झाला त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास राज्यात आदिवासी शेतकऱ्यांनी उठाव केला.

दोन निवडणुका, तोच वाद

२००० साली ग्रीन पक्षाकडून राल्फ नेडर उभे राहिले. ग्राहकांच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेला माणूस. असे व्यापार करार कंपन्यांचं भलं करतात, कामगारांचं नाही, हे त्यांचं म्हणणं. देशभरात त्यांना तीन टक्केही मतं पडली नाहीत. पण सगळा निकाल अडला फ्लोरिडा राज्यावर. तिथं धाकटे बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. नेडर यांना त्या राज्यात ९७ हजारांवर मतं होती. त्यातली थोडी जरी डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांच्याकडे गेली असती, तर निकाल फिरला असता. इथं मतं फुटण्याची किंमत खरी होती. ती नाकारून चालणार नाही.

२००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि अमेरिकेतल्या आणखी कारखान्यांना टाळं लागलं. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही कारखान्यांची राज्यं. १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारी. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प तिथं "करार मोडतो, कारखाने परत आणतो" म्हणत फिरले आणि तिन्ही राज्यं मिळून सुमारे ७८ हजार मतांनी जिंकले. तिन्ही ठिकाणी ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना पडलेली मतं त्या त्या राज्यातल्या फरकापेक्षा जास्त होती. पुन्हा तोच शब्द, मतं खाल्ली.

गंमत बघा, पेरोंनी पुढे रिफॉर्म पक्ष काढला होता. १९९९ मध्ये हेच ट्रम्प त्या पक्षात जाऊन उमेदवारीची चाचपणी करून आले होते. त्यांनी ओळखलं असावं, की तिसऱ्याच्या मुद्द्यावर जिंकायचं तर मोठ्या पक्षाच्या दारातून आत शिरावं लागतं. नाफ्टाच्या जागी १ जुलै २०२० पासून नवा करार आला, तोही दोन्ही पक्षांच्या मतांनी. त्यात मोटारींसाठी अट घातली, की ठरावीक भाग तासाला किमान १६ डॉलर मजुरी मिळणाऱ्या कामगारांनी बनवलेला असावा. १९९२ मध्ये शून्य निर्वाचक मतं मिळालेला मुद्दा, २८ वर्षांनी, अर्धामुर्धा का होईना, कायद्यात आला.

मोजणीच बदलली तर?

मेन नावाच्या लहानशा राज्यानं यावर वेगळी वाट काढली. १९९२ मध्ये पेरोंना सर्वांत जास्त, तीस टक्के मतं देणारं हेच राज्य. २०१० मध्ये तिथला गव्हर्नर चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी मतांवर निवडून आला. मग २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून नवी पद्धत आणली. मतदारानं एकच खूण करायची नाही. पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे क्रम द्यायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर सगळ्यांत मागच्याला बाद करायचं आणि त्याच्या मतदारांची पुढची पसंती मोजायची. २०१८ च्या एका निवडणुकीत पहिल्या मोजणीत मागे असलेला उमेदवार पसंत्या मोजल्यावर निवडून आला. इथं तिसऱ्याला मत देणारीला "मत वाया घालवलं" असं कुणी म्हणू शकत नाही. अलास्का राज्यानंही २०२० मध्ये अशी पद्धत स्वीकारली.

आपल्या कापसापर्यंत

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. कपडे, टॉवेल, कोळंबी सगळ्याला झळ बसली. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क वर्षाअखेरपर्यंत काढलं. सूतगिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला. पण आपला कापूस निघण्याच्या हंगामातच बाहेरचा कापूस स्वस्तात आला, आणि भावाची चिंता लागली ती विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांना. शुल्काचे आकडे बदलत राहतात. पण मिशिगनच्या कामगाराचा राग मतपेटीतून निघून आपल्या वेचणीच्या रानापर्यंत कसा पोचतो, ते यातून दिसतं.

तर मावशी, तुमचं उत्तर

मत दिल्यावर ते कुठं जाणार, हे मोजणीचा नियम ठरवतो. म्हणून मत देण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मला सर्वांत नको असलेला माणूस माझ्या मतानं येईल का? आणि दोन्ही मोठी पॅनेलं माझ्या प्रश्नावर गप्प आहेत का? कुणी पहिल्याला महत्त्व देईल, कुणी दुसऱ्याला. दोन्ही शहाणपणच आहे. त्यावरून एकमेकींना बोल लावू नये.

पण निकालानंतर मत वाया जातं ते एकाच कारणानं, मत देणाऱ्या पांगल्या तर. तुटीच्या मुद्द्यामागचे मतदार हवेसे वाटले, म्हणून तो मुद्दा उचलला गेला. शिलाईच्या बायांचा मुद्दा लवकर कुणी उचलला नाही, पण त्या एकत्र राहिल्या म्हणून तो विसरलाही गेला नाही. आपल्या ताईला किती मतं पडली, तो आकडा नव्या सरपंचांना पाठ आहे. त्या सगळ्या बाया पुढच्या ग्रामसभेला पाण्याचा अर्ज घेऊन एकत्र बसल्या, तर तो आकडा बोलेल.

आणि त्या ताईला बैठकीला बोलावून आणा. निरोप पाठवू नका, दोघी-तिघी मिळून घरी जा.

गटात बोलण्यासाठी:
१. आपल्या वॉर्डात मागच्या वेळी निवडून आलेल्याला एकूण मतांपैकी निम्मी मतं होती का? हिशेब करून बघा.
२. पडलेल्या उमेदवाराचा कोणता मुद्दा पुढं ग्रामपंचायतीनं घेतला?
३. शुल्क कमी-जास्त झाल्यावर आपल्या घरात काय स्वस्त झालं आणि कशाचा भाव पडला?