शतांश मिलिमीटरचा हिशेब

मंगरूळपीर तालुक्यात विजेचे पंप आले, तरी वावरातले डिझेल इंजिन हद्दपार झालेले नाही. रब्बीच्या हरभऱ्याला पाणी द्यायचे आणि नेमकी लाइन गेलेली, अशा वेळी त्याचीच आठवण होते. या इंजिनांतले ओळखीचे नाव म्हणजे किर्लोस्करचे पाच हॉर्सपॉवरचे एव्ही-१. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली. एकच सिलिंडर, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक आणि मिनिटाला १५०० फेरे अशी साधी रचना असल्याने हे इंजिन घरच्या अंगणातही खोलता येते.

निळा धूर येऊ लागला, ऑईल संपू लागले, हँडल फिरवताना पूर्वीसारखा जोर लागेना, की इंजिनचे काम निघते. स्पेअर पार्टच्या दुकानात लायनर, पिस्टन, रिंगांचा अख्खा संच मिळतो. पण त्यातले काय खरोखर बदलायचे आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात लायनरपासून. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे उष्णता जास्त आणि ऑईल कमी, म्हणून झीजही तिथेच जास्त. नख फिरवले तर कड लागते. शिवाय तिरक्या कनेक्टिंग रॉडमुळे पिस्टन बाजूला रेटला जातो आणि गोल बोअर लंबगोल होतो. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, क्रँकच्या दिशेने आणि तिच्या आडवे, अशी सहा मापे डायल बोअर गेजने घ्यावी लागतात. पिस्टन मात्र स्कर्टवर, पिनच्या आडव्या दिशेने मोजतात, कारण तो मुळातच किंचित लंबगोल घडवलेला असतो. मायक्रोमीटरचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा आणि त्यावर ५० खुणा, म्हणजे एक खूण ०.०१ मिमीची.

इथे वऱ्हाडातले ऊन आडवे येते. मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानतात. त्याहून २० अंश जास्त तापले, तर बिडाच्या लायनरचा बोअर सुमारे ०.०२ मिमी वाढतो आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन जवळपास दुप्पट. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी फट खरी आहे त्यापेक्षा कमी भरते. सुटे भाग आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजलेले बरे.

रिंग लायनरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ ढकलायची आणि तोंडातली फट फिलर गेजने बघायची. जुन्या लायनरमध्ये हे खालच्या, न झिजलेल्या भागात करावे, कारण बोअर तिथे सर्वांत अरुंद असतो. फट कमी पडली तर तापल्यावर टोके भिडून रिंग तुटते. जास्त झाली तर गॅस खाली निसटतो.

शेवटी बंपिंग क्लिअरन्स. पिस्टनच्या माथ्यावर, पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना शिशाच्या तारेचे तुकडे ठेवायचे, हेड कसायचे आणि फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवायचे. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजेच पिस्टन आणि हेड यांच्यातली फट. इंजिनची ५५३ घनसेंमी हवा दाबून सुमारे ३६ घनसेंमी जागेत कोंबायची असते. फट ०.१ मिमीने वाढली, तरी ही जागा अर्ध्या घनसेंमीने वाढते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा आणि पॅकिंगच्या जाडीने जुळवावा.

क्रँक ग्राइंडिंग घरी होत नाही; त्यासाठी लेथवाल्याकडे जावेच लागते. पण पिन किती झिजली, पाव मिलिमीटर अंडरसाइजमध्ये भागेल की अर्ध्यावर जावे लागेल, हे मालकाच्या वहीत आधीच लिहिलेले असले, तर ‘सगळेच बदलून टाका’ हा सल्ला त्याला मुकाट्याने ऐकावा लागत नाही.